स्टँडजवळ लॉजवर उतरणाऱ्यानं जेवायचं कुठं? सांगलीतल्या एका खाणावळीचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

भांडण सहा रुपयांवरून झालं म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर इतके महिने जिथं निमूट जेवतोय, त्या खाणावळीवर चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नव्हतं.

आधी माझी अडचण सांगतो, म्हणजे ज्यांची तशी नाही त्यांनी पुढं वाचायचा त्रास घेऊ नये. बँकांनी ज्या मालावर कर्ज दिलंय तो माल जागेवर आहे का, हे बघायला मला सांगलीला यावं लागतं. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्या, गोदामात हळदीची पोती. दिवसभर मोजायचं, पावत्या ताडायच्या आणि संध्याकाळी कपड्यांना हळदीचा वास घेऊन लॉजवर यायचं. लॉजचं भाडं कंपनी परस्पर भरते. चहा-नाश्त्यासकट दोन्ही वेळच्या जेवणाला दिवसाला साडेतीनशे, तेही बिल लावलं तरच. कमी लागले तर कंपनीचे वाचतात, जास्त लागले तर माझे जातात. असा तो न्याय.

लॉजच्या काउंटरवर विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "खालीच आहे की साहेब, फॅमिली रेस्टॉरंट." पहिल्या मुक्कामात तिथंच जेवलो. व्हेज थाळी दोनशे चाळीस, भाजी काजूच्या गोड ग्रेव्हीतली, आणि बिलात खाली गुपचूप दहा टक्के सर्व्हिस चार्ज. आपल्याला न विचारता हा चार्ज बिलात लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलूनही धरलंय. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. मला तो फिरवावा लागला नाही. "हे काढा" म्हटल्यावर मॅनेजरनं एक शब्द न बोलता नवीन बिल दिलं. इतक्या सहज निघतं म्हणजे रोज किती जणांच्या माथी बसत असेल बघा.

गावात कुणालाही विचारा, सल्ला एकच: अख्खा मसूर खायचा तर इस्लामपूरकडं जावा. बरोबर आहे, ती चव तिथलीच. पण ज्याच्याकडं गाडी नाही त्यानं मसुरासाठी रिक्षाला पैसे घालायचे का? तव्यावरच्या रोटीपेक्षा मीटर जास्त फुगतो.

शेवटी जागा दाखवली ती लॉजवरच्याच एका एमआरनं. सांगली-मिरज म्हणजे दवाखान्यांची दाटी, त्यामुळं औषध कंपन्यांची ही पोरं इथं कायम मुक्कामाला. कुठल्या गल्लीत कितीला काय मिळतं हे त्यांना तोंडपाठ. कुठल्याही गावात लॉजवर उतरलात तर जेवणाचं काउंटरवर विचारू नका, जिन्यात बॅग घेऊन चढणाऱ्या एमआरला विचारा. खाणावळीचं नाव लिहीत नाही. एक तर भांडण ताजं आहे, आणि दुसरं, तिथं आधीच भाकरी पुरत नाही.

स्टँडपासून चालत पाच मिनिटं. सहा टेबलं, स्टीलचे जग, भिंतीवर छातीइतक्या उंचीवर ऑइलपेंटनं मारलेली रेघ: २०१९ च्या महापुराचं पाणी तिथवर आलं होतं. मी पहिल्यांदा गेलो ते ऐन पावसात. गल्ल्यावरचे अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला "आयर्विनला किती?" असं विचारायचे. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथं पाणी चाळीस फुटांना आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. अडतीसचा आकडा आला की तांदळाची पोती माळ्यावर चढायला लागतात, चाळिसाची वाट कुणी बघत बसत नाही. तशा गडबडीतही आमटी गरम होती, ही माझी पहिली नोंद.

थाळी तेव्हा एकशेवीस. एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात, कांदा, खर्डा, ताक आणि दोन भाकऱ्या किंवा तीन चपात्या. सुक्या भाजीत कृष्णाकाठची वांगी असतील त्या दिवशी बाकी कशाकडं बघायचंच नाही, नुसतं वांगं परत मागायचं. आमटी आणि उसळ दुसऱ्यांदा मिळते, तिसऱ्यांदा वाढपी ऐकू न आल्यासारखं करतो. पांढरा रस्सा मागू नका. एकदा कुणीतरी मागितला तर "त्यो पलीकडं, कोल्हापूरला" असं उत्तर मिळालं. मटण बुधवारी आणि रविवारी. माझ्या भत्त्यात बसत नाही, त्यामुळं मत नाही. वासावरून चांगलं असावं.

पण खरी गोष्ट भाकरीची आहे. मागच्या बाजूला दोन मावश्या बसतात, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून त्या दिसतात, म्हणून मी ते टेबल सोडत नाही. शाळूचं पीठ, मळायला गरम पाणी, आणि गोळा मळतानाच कळतं की आज काम होणार. थापताना परात जराशी फिरत राहते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटी, मग तवा सरकवून थेट जाळावर. टम्म फुगते आणि एका कडेनं फुस्स करून वाफ सोडते. ताटात येते तेव्हा पापुद्रा बोटानं सुटतो. त्या पापुद्र्यात खर्डा आणि तेलाची धार घातली की बाकीची थाळी आली नाही तरी चालेल.

आणि हीच भाकरी रात्री नऊला संपते. बाहेरच्या बोर्डवर "रात्री ११ पर्यंत". नऊ वाजून पाच मिनिटांनी जा, "भाकरी संपली, चपाती आणू?" पीठ संपलेलं नसतं. मावश्या गावाकडची शेवटची गाडी धरायला गेलेल्या असतात. चपात्या संध्याकाळीच लाटून ठेवलेल्या, कडेनं वाकत नाहीत, मोडतात. सुरुवातीला मी यावर फार चिडायचो. बोर्डवर "भाकरी ९ पर्यंत" लिहायला काय जातं? अण्णांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "लिवलं तर लोकं साडेआठलाच येत्यात सगळी." यावर काय बोलणार. फोन करून दोन भाकऱ्या ठेवायलाही सांगून बघितलं. डब्यात ठेवलेली भाकरी घामेजून चिवट होते, पापुद्रा तर विसराच. मग मीच माझं काम बदललं. आता शेवटचं गोदाम दुसऱ्या दिवशी सकाळी घेतो आणि आठला टेबलावर असतो. गाडी चुकवून मावशींनी माझ्यासाठी थांबावं असं मलाही वाटत नाही. बोर्डबद्दलची तक्रार मात्र कायम.

आता सहा रुपये. सुरुवातीला अण्णा कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून शिक्का मारून द्यायचे. ऑफिसनं अशा चिठ्ठ्या परत पाठवल्या. मी पक्क्या बिलाचा धोशा लावला, आणखी चार जणांनी लावला असेल, आणि दिवाळीनंतर गल्ल्यावर छोटं बिलिंग मशीन आलं. मला आनंदच झाला. पहिलं बिल हातात आलं: थाळी १२०, सीजीएसटी अडीच टक्के ३, एसजीएसटी अडीच टक्के ३, एकूण १२६. आणि त्याच कागदाच्या डोक्यावर छापलेलं की आम्ही कंपोझिशनवाले, आम्हाला ग्राहकाकडून कर घेता येत नाही.

"अण्णा, हे सहा रुपये कशाचे?"

"जीएसटी हाय की सायेब. सरकारचा."

"मग वर काय छापलंय ते वाचा."

"ते मशिनवाल्यानं घातलंय."

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वर्षाला दीड कोटीच्या आत उलाढाल असलेल्या खाणावळीला कंपोझिशन योजना घेता येते. कागदपत्रं कमी, कर उलाढालीवर पाच टक्के आणि तो स्वतःच्या खिशातून, दर तिमाहीला. ग्राहकाच्या बिलात तो वेगळा दाखवायचा नाही, घ्यायचा तर नाहीच. बिलही टॅक्स इन्व्हॉइस नसतं, बिल ऑफ सप्लाय असतं. नेहमीच्या नोंदणीतलं रेस्टॉरंट पाच टक्के लावतं ते रास्त. लॉजखालचं लावतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दोन्ही एकदम चालत नाही.

हे सगळं मी उभ्या उभ्या समजावत होतो, मागं हात धुवून लोक खोळंबलेले. शेजारच्या टेबलावरचे एसटीचे ड्रायव्हर म्हणाले, "जाऊ द्या की सायेब, सहा रुपयं." मला सहा रुपयांचं नव्हतं. म्हणजे होतं, दोन वेळचे बारा होतात आणि साडेतीनशेत बारा मोठे असतात. पण तेवढंच नव्हतं. माझं आयुष्य दुसऱ्यांचे कागद तपासण्यात चाललंय आणि हा कागद मला आमटीच्या वाटीशेजारी ठेवून खोटं सांगत होता. मी एकशेवीसच दिले. अण्णांनी घेतले, पण "उद्या या" म्हणाले नाहीत. एरवी म्हणतात.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, शेवटी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. मध्ये पुन्हा मुक्काम झाला, म्हणून पुढचं. वरचं आहे तसं ठेवतोय.

अण्णांनी आपल्या कर सल्लागाराला विचारलं होतं. मशीन विकणाऱ्यानं सगळ्यांना एकच साचा भरून दिला होता, कराची ओळ त्यात आधीपासूनच होती. गल्ल्यावर बसणाऱ्यानं ती बघितली नाही एवढाच दोष, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा बराच लहान निघाला. शिवाय तो माणूस पाच टक्के भरतच होता. सहा रुपये सरकारचे सांगून खिशात घालत होता असं नव्हे, स्वतःचा भार गिऱ्हाइकावर ढकलत होता. नियमात बसत नाही, पण चोरीही नाही. दोन तारे वाढवले.

मग बिल आलं. कराची ओळ गेलेली, वर बिल ऑफ सप्लाय, खाली अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबरसुद्धा. सगळं बिनचूक. आणि थाळी एकशेतीस.

"गॅस वाढला, डाळ वाढली. आणि त्यो करबी आता आमच्याच अंगावर हाय न्हवं," अण्णा म्हणाले. किंमत किती ठेवायची हा त्यांचा हक्क, माझ्याकडं त्याला उत्तर नाही. कायद्यानं मी जिंकलो आणि ताटामागं चार रुपयांनी मागं गेलो. तेच ड्रायव्हर तिथं होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता ताक संपवलं. एक तारा परत काढला.

तरीही जातो. दोन थाळ्या दोनशे साठ, सकाळची मिसळ साठ, दोन चहा वीस. दहा रुपये उरतात आणि बिल ऑफिसात एका फटक्यात पास होतं. स्टँडच्या आसपास इतक्या पैशांत हातावर थापलेली भाकरी आणि खरं बिल एकाच ठिकाणी मला तरी दुसरीकडं मिळालेलं नाही. दुपारी जायचं तर एकच्या आत; बेदाण्याच्या हंगामात मार्केट यार्डाकडची माणसं आली की दीडनंतर उभं राहावं लागतं. रात्री आठ, फार तर साडेआठ. गाडीच उशिरा पोचली तर उगाच चपात्यांच्या वाटेला जाऊ नका, भडंगाचं पाकीट आणि वाटीभर दही घेऊन खोलीवर बसा.

आणि हल्ली नवा पोऱ्या न विचारता पाण्याची सीलबंद बाटली टेबलावर आणून ठेवतो. ती उघडू नका. बाजूला सरकवा आणि "जग आण रे" म्हणा. वीस रुपयांची आहे, आणि तिची ओळ बिलात अगदी बरोबर येते.