स्वस्तातला क्रँकबेट रॉड: चोणकासाठी काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

गोव्यात क्रँकबेट (ओढली की थरथरत खाली जाणारा माशाच्या आकाराचा नकली चारा, म्हणजे लूर) फेकायला रॉड हवा म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा सगळ्यात हलका आणि सगळ्यात ताठ कार्बन रॉड काढून पुढ्यात ठेवतो. हातात घेतला की छानही वाटतो. जिगसाठी (वजनदार डोक्याच्या एकाच जाड गळाच्या लूरसाठी) तो उत्तम. क्रँकबेटला मात्र याच रॉडवर लागलेले मासे सर्वात जास्त सुटतात, आणि दोष बिचाऱ्या गळाला दिला जातो.

कारण साधं आहे. क्रँकबेटच्या पोटाखाली दोन बारीक तीनतोंडी गळ असतात. जिगसारखा एक जाडजूड गळ ताकदीनं आत घुसवायचा नसतो. मासा चालत्या लूरवर स्वतः झेपावतो आणि गळ बरेचदा ओठाच्या कडेला, पातळ कातडीत अडकतो. त्यातून चोणक (रायगडकडचा जिताडा) तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. रॉड ताठ असेल तर लूर पुरती तोंडात जायच्या आधीच मागे खेचली जाते. मासा लागलाच तर पहिल्या उडीत डोकं झटकतो, ताठ रॉड आणि न ताणणारी ब्रेडेड (विणलेली) लाईन यांच्यामध्ये झटका झेलायला काहीच उरत नाही. गळाचं छिद्र फाटून मोठं होतं आणि लाईन सैल पडते.

म्हणून क्रँकबेटला मधोमध वाकणारा, म्हणजे मॉडरेट ॲक्शनचा रॉड लागतो. इथे पॉवर आणि ॲक्शन यांची गल्लत हमखास होते. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. तो कुठून वाकतो ती ॲक्शन. फास्ट रॉड शेंड्याकडच्या चतुर्थांशात वाकतो, मॉडरेट जवळजवळ अर्ध्यापर्यंत. गोव्यात दोन्ही गोष्टी एकदम हव्यात: वाक मऊ, पण कण्यात जोर. खारफुटीच्या मुळांत शिरू पाहणाऱ्या तांबोशीला पहिल्या दोन-तीन सेकंदांत वळवता आलं नाही तर मासाही गेला आणि लूरही. त्यामुळे मोकळ्या पाण्यासाठी मीडियम, आणि मुळं, खांब, कालवांचे खडक असतील तिथे मीडियम-हेवी पॉवर आणि मॉडरेट किंवा फार तर मॉडरेट-फास्ट ॲक्शन.

पाच हजारांच्या आतल्या रॉडचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, निव्वळ फायबरग्लासचा. वाकतो सुंदर, सहजासहजी मोडत नाही, पण जड. शेंडा जड असल्यानं तासाभरात मनगट बोलू लागतं. दुसरा, स्वस्त 'फुल कार्बन'. वजनाला हलका, पण स्वस्त कार्बन ताठ आणि ठिसूळ, त्यावर आपटल्याची बारीकशी खूणही पुढे मोडायची जागा ठरते. तिसरा, ग्राफाइट (म्हणजे कार्बनच) आणि फायबरग्लास मिसळून केलेला कंपोझिट. गोव्यातल्या वापरासाठी आमची शिफारस डोळे झाकून याच तिसऱ्याला. सगळे पैसे कंपोझिटवर घाला असं नाही, पण रॉडवर छापलेल्या कार्बनच्या आकड्यांवर तरी घालू नका.

या प्रकारातला सर्वांना ठाऊक असलेला रॉड म्हणजे शेक्सपिअरचा अग्ली स्टिक जीएक्स२. अग्ली स्टिक हे नाव १९७६ पासून चालत आलंय. जीएक्स२ मध्ये ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, कंपोझिट, शेंडा भरीव फायबरग्लासचा आणि लाईन ओवायचे गाईड म्हणजे एकाच तुकड्यातून वळवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या कड्या. कडीत सिरॅमिकची रिंग नाही, त्यामुळे ती तडकून निखळण्याचा प्रश्नच नाही. खाऱ्या पाण्यात आणि स्कूटरवरच्या धक्क्यांत हा मोठा फायदा. तोटे दोन. शेंडा इतका मऊ की तळाला लूर घासतेय की शेवाळ अडकलंय हे बोटांना उशिरा कळतं. आणि कार्बनच्या मानानं तो जडच. क्रँकबेटला पहिला तोटा फारसा नडत नाही, कारण लूरची थरथर मुठीपर्यंत पोहोचतेच. थरथर थांबली की काहीतरी अडकलं, एवढं समजलं तरी पुरतं.

दुसरा कुठला रॉड समोर आला तर नावापेक्षा मुठीच्या वरची छापील ओळ वाचा. तिथे लूरचं वजन लिहिलेलं असतं. पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा औंस १४, पाऊण औंस २१. ७ ते २१ ग्रॅमचा रॉड आपल्या बहुतेक क्रँकबेटना चालतो, आणि सर्वात छान फेकतो तो मधल्या, म्हणजे १० ते १६ ग्रॅमच्या लूरला. '५ ते ४० ग्रॅम' असं लिहिलेलं दिसलं तर रॉड परत ठेवा. ५ ग्रॅमला वाकणारा रॉड ४० ग्रॅमला लोळतो. दोन्ही टोकं एकाच काठीत बसत नाहीत.

आता दुकानात करायची तपासणी. लाईन सगळ्या गाईडमधून ओवून टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली बांधा आणि रॉड आडवा धरून सावकाश उचला. वाक शेंड्यापासून मधल्या भागापर्यंत सलग उतरला पाहिजे. एका जागी कोपरा पडल्यासारखा दिसला तर तिथे जोड कच्चा आहे. वाकलेल्या अवस्थेतच लाईन कुठे जाते तेही बघा. बेटकास्टिंग रॉडला (ज्यात रील रॉडच्या वर बसते) गाईड वरच्या अंगाला असतात. ते कमी असतील तर दोन गाईडच्या मधे लाईन ब्लँकला टेकते, घासते. सात फुटी रॉडला शेंड्याची कडी सोडून निदान आठ गाईड हवेत. स्वस्त रॉडला पैसे वाचवतात ते इथेच. मग कानात घालायचा कापूस प्रत्येक कडीतून फिरवा. धागा अडकला तर कडीला चीर किंवा धार आहे, आणि तीच धार ब्रेडेड लाईन दोन फेऱ्यांत कापेल. शेवटी रील बसवून हलवा. रील जिथे बसते ती सीट किंचितही डुगडुगत असेल तर घेऊ नका, ती पुढे घट्ट होत नाही.

लांबी किती? काठावर डोक्यावर फांद्या असतील किंवा कयाकमधून गरवायचं असेल तर साडेसहा फूट. बांधावरून, जेटीवरून सात फूट. लांब फेकीचा फायदा फक्त अंतराचा नाही: क्रँकबेट ओढायला लागल्यावर हळूहळू खाली जाते आणि पूर्ण खोली गाठते ती मधल्या टप्प्यातच. आखूड फेकीत ती खोलीवर पोहोचायच्या आत परत हातात येते. जाड लाईनही तिला वर धरते, म्हणून पातळ लाईनवर तीच लूर जास्त खोल जाते.

खोलीचा हिशेब लूरच्या ओठावरून, म्हणजे तिच्या तोंडापुढच्या पट्टीवरून करा. ओठ छोटा तर उथळ, लांब तर खोल. रापालाच्या डीटी मालिकेत तो आकडा नावातच आहे, डीटी ६ साधारण सहा फूट, डीटी १० दहा फूट. खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीच्या) बांधालगत, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी, ओहोटी लागून पाणी बाहेर पडत असताना सहा फुटांची लूर पुरे. दहाची झुआरीच्या खोल पात्रात किंवा बोरी पुलाकडे. सोळा-वीस फुटांच्या मोठ्या ओठाच्या लूर मीडियम रॉडवर लावू नका. पाण्याच्या ओढीनंच रॉड अर्धा वाकून जातो, मग मासा लागल्यावर वाकायला काही शिल्लक राहत नाही. मानशीवर जायच्या आधी चौकशी करा, कारण तिथल्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते आणि ज्यानं ती घेतली त्याची परवानगी लागते.

रील अगदी वेगवान नको. बेटकास्टिंगमध्ये ५ ते ६.३ च्या दरम्यानचं गियर प्रमाण (हँडलच्या एका फेरीत रीलच्या चाकाच्या किती फेऱ्या) बरं. वेगवान रीलवर हात आपोआप घाई करतो. खरं तर खारं पाणी आणि नवा हात असेल तर स्पिनिंगच (रॉडखाली लटकणारी रील) घ्या, ३००० किंवा ४००० आकाराचं. बेटकास्टरचा पहिला महिना गुंता सोडवण्यात जातो, आणि तो गुंता डासांच्या वेळेला सोडवायचा म्हणजे शिक्षा. मॉडरेट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड शोधायला मात्र जरा जास्त दुकानं फिरावी लागतात.

लाईन २० पौंडाची ब्रेडेड, पुढे हात-दीड हात ४० पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर. चोणकाच्या गालफडाची कड पात्यासारखी धारदार असते आणि खांबांवरची कालवं तर काहीच सोडत नाहीत. मोकळ्या पाण्यात १४ पौंडाचा तंगूसही (साधी नायलॉन लाईन) चालतो. तो ताणतो, त्यामुळे रॉड थोडा ताठ असला तरी भागतं. ड्रॅग (रीलमधला ब्रेक, ठरावीक ताणाला लाईन सोडणारा) लाईनच्या ताकदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश ठेवा: २० पौंडाला सव्वादोन ते तीन किलो, ताणकाट्यानं मोजून. अंदाजानं घट्ट केलेला ड्रॅग जवळजवळ नेहमीच जास्त असतो.

मासा लागला की झटका मारायचा नाही. रील फिरवत राहून रॉड आडवा, बाजूला ओढायचा. चोणक उडी मारायला वर येताना दिसला तर शेंडा पाण्याकडे खाली. काठाशी आणताना रॉड सरळ उभा करून मागे झुकवला तर सगळा भार वरच्या हातभर तुकड्यावर येतो आणि तो तिथेच मोडतो. त्याला वॉरंटी नाही.

गळांकडे दुर्लक्ष नको. गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या क्रँकबेटचे पातळ गळ तांबोशी सरळ करून टाकते आणि खाऱ्या पाण्यात ते आठवड्यात गंजतात. त्याच आकाराचे जाड गळ आणि नवीन स्प्लिट रिंग (गळ अडकवायच्या कड्या) बसवा, मग बादलीत सोडून बघा. लूर तरंगायची थांबली असेल तर गळ जड झालेत. तरंगणं महत्त्वाचं आहे: मुळाला अडली की लाईन ढिली सोडायची, लूर उलट वर येऊन आपोआप सुटते. नाही सुटली तर सोडून द्या. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तीनशे रुपयांच्या लूरसाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरण्यासारखी ती जागा नाही.

नेण्यासाठी दोन तुकड्यांचा रॉड पीव्हीसी पाईपमध्ये घालून स्कूटरला बांधा. सुटा शेंडा कारच्या दारात सापडून जितके मोडतात तितके माशांनी मोडत नाहीत. मूठ ईव्हीए फोमची बरी, पावसाळ्यात कॉर्कवर बुरशी धरते. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा तांब्या मुठीकडून शेंड्याकडे ओता. नळाचा जोरदार फवारा नको, त्यानं मीठ दोऱ्याच्या गुंडाळणीखाली ढकललं जातं. गंज सुरू होतो तो गाईडच्या पायाशी, त्याच गुंडाळणीखाली. वार्निशमधून तपकिरी डाग दिसायला लागला की ती कडी लवकरच बदलावी लागणार. रील सीटची फिरती कडी सैल करून ठेवा, नाहीतर मिठानं जाम होते.