रोजच्या गाडीला हलकं फ्लायव्हील: स्ट्रीटलाइट, प्रोलाइट की ॲल्युमिनियम?

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारी जड चकती, जिच्यावर क्लच घासतो. समजा गाडी मॅन्युअल स्पोर्ट्स कार आहे, पण रोज ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून ऑफिसला जाते. अशा गाडीला या तिघांतलं सगळ्यांत हलकं फ्लायव्हील बसवू नका. एसीटी (ॲडव्हान्स्ड क्लच टेक्नॉलॉजी) या कंपनीचं स्ट्रीटलाइट घ्या. त्याच कंपनीचं प्रोलाइट आणि फिडान्झाचं ॲल्युमिनियम फ्लायव्हील ही दोन्हीही उत्तम बनावटीची आहेत, पण त्यांची खरी जागा ट्रॅकवर आहे.

फ्लायव्हील बदलून हॉर्सपॉवर वाढत नाही. इंजिनाला स्वतःचा वेग वाढवायला जी ताकद लागते ती कमी होते, आणि फरक गिअरप्रमाणे बदलतो. समजा ३.५ किलो वजन उतरलं आणि ते केंद्रापासून सरासरी ११ सेंमीवर होतं. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या) १४ आणि टायरची त्रिज्या ३१ सेंमी धरली, तर वेग घेताना गाडी सुमारे ८५ किलोंनी हलकी झाल्यासारखी पळते. पाचव्यात गुणोत्तर ३.२ वर येतं, तेव्हा हाच फायदा जेमतेम साडेचार किलोंचा उरतो. म्हणजे मजा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणि खालचा गिअर टाकताना दिलेल्या थ्रॉटलच्या ब्लिपमध्ये (क्षणभराच्या झटक्यात). नुसतं वजन बघून फसू नका: कडेचं एक किलो काढण्याचा फायदा मधलं एक किलो काढण्यापेक्षा फार जास्त आहे.

आता तोटा, आणि तो नेमका आपल्या रस्त्यांवर जाणवतो. गायमुखच्या चढावर ट्रकांमागे गाडी इंचाइंचाने सरकते, तेव्हा क्लच सोडताना इंजिन बंद पडू न देण्याचं काम फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा करते. ती कमी झाली की आरपीएम जास्त ठेवावे लागतात, हाफ क्लच वाढतो आणि क्लच प्लेट लवकर झिजते. मे महिन्यात कापूरबावडीच्या सिग्नलला एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आयडल दचकतं. ट्यूनरकडून आयडल ५० ते १०० आरपीएमने वाढवून घेतलं तर बरंच सुसह्य होतं. काही गाड्यांत क्रँकच्या वेगातले चढउतार ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं, वाटतात आणि मिसफायरचा पी०३०० कोड येतो. तेव्हा प्लग-कॉइल बदलत सुटण्याआधी हे लक्षात घ्या.

स्ट्रीटलाइट आणि प्रोलाइट दोन्ही फोर्ज्ड क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मजबूत) स्टीलची. प्रोलाइटमधून जास्त धातू काढलेला असतो, स्ट्रीटलाइटमध्ये मुद्दाम थोडा ठेवलेला. फिडान्झाच्या ॲल्युमिनियमवर क्लच घासण्यासाठी स्टीलची वेगळी चकती असते आणि झिजल्यावर ती बदलता येते, ही खरोखर चांगली सोय आहे. पण आयडलला आणि चढावर हेच सगळ्यांत जास्त नखरे करतं. कुठलंही घेतलंत तरी एसएफआय १.१ प्रमाणपत्र (रेसिंगच्या भागांच्या सुरक्षेचं) पाहून घ्या.

वागळे इस्टेटमध्ये लेथला तोटा नाही, म्हणून कुणीतरी ‘कंपनीचंच घासून हलकं करून देतो’ म्हणेल. कास्ट आयर्नचं फ्लायव्हील असं पातळ करायचं नाही म्हणजे नाही. जास्त आरपीएमला ते फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (क्लचवरचं धातूचं आवरण) फोडून थेट पायांपर्यंत येतात.

स्कोडा लॉरा व्हीआरएससारख्या टर्बो मॅन्युअलमध्ये कंपनीकडूनच ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं, फ्लायव्हील येतं. इंजिनाचे झटके त्याच्या आतल्या स्प्रिंग गिळतात. त्याजागी सिंगल मास, म्हणजे एकसंध, लावलं तर स्प्रिंगवाली क्लच प्लेट लागतेच, आणि तरीही न्यूट्रलमध्ये क्लच पेडल सोडलं की गिअरबॉक्समधून खडखड येईल. पेडल दाबल्यावर ती थांबली तर गिअरचे दात वाजतायत, घाबरू नका. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग गेलंय.

गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा, त्यामुळे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हीलचे नवे बोल्ट एकाच वेळी मागवा. जुनं-नवं शेजारी ठेवून रिंग गिअरचे (स्टार्टर ज्यात अडकतो त्या कडेच्या दातेरी कड्याचे) दात मोजा, नाहीतर स्टार्टर कुरतडेल. सेन्सरची चकती फ्लायव्हीलवर असणाऱ्या गाडीत तीही जुळली पाहिजे. नव्या पृष्ठभागावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा. ते राहिलं तर क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. बोल्ट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच चार-सिलिंडर इंजिनांना ६० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश लागतात. हे बोल्ट ताणले जातात, म्हणून जुने परत वापरायचे नाहीत. इम्पॅक्ट गनने आवळणाऱ्या गॅरेजला हे काम देऊच नका. गिअरबॉक्स चढवण्याआधी डायल गेज लावून फ्लायव्हील डगमगत नाही ना, तेही बघायला सांगा.

काम झाल्यावर पहिले ८०० किलोमीटर शहरातच, सौम्यपणे चालवा. पारसिक हिलच्या चढाला जोरात लाँच घ्यायचा मोह झाला तरी तोवर थांबा, नाहीतर नवी प्लेट चकाकून जाते आणि मग घसरत राहते.