मातीच्या किल्ल्यावरचे दिवे आणि चार चॅनलचा यूएसबी रिले

आमच्या सोसायटीतल्या मुलांनी दिवाळीत केलेल्या किल्ल्यावर, ध्वनिमुद्रित निवेदन पुढे सरकेल तसे महादरवाजा, बुरूज, बालेकिल्ला आणि पायथ्याचे गाव क्रमाने उजळावे असे ठरले आणि दिव्यांचे काम माझ्याकडे आले. दिवे म्हणजे बारा व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या एलईडी पट्ट्या. त्या लॅपटॉपवरून चालू-बंद करायच्या होत्या.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मला सॉलिड-स्टेट रिले देण्यात आला. रिले म्हणजे छोट्या विद्युत इशाऱ्याने चालू-बंद होणारा स्विच; सॉलिड-स्टेट म्हणजे त्यात हलणारे भाग नसतात. आवाज नाही, झीज नाही, हे त्याचे गुण खरेच. पण घरी जोडल्यावर लागलेला दिवा काही केल्या विझेना. तो रिले एसीसाठीचा होता आणि त्याच्या आत ट्रायॅक, म्हणजे एसीसाठीचा इलेक्ट्रॉनिक स्विच होता. ट्रायॅक एकदा सुरू झाला की त्यातून जाणारा प्रवाह शून्याजवळ येईपर्यंत तो बंद होत नाही. आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेत हे सेकंदाला १०० वेळा घडते, डीसीत आपणहून कधीच नाही. वर्णनात ‘डीसी’ व्होल्टचा आकडा दिसला म्हणून मी निर्धास्त होतो, पण तो आकडा दिव्याच्या नव्हे, रिलेला इशारा देणाऱ्या नियंत्रणाच्या बाजूचा होता.

दुसऱ्या फेरीत आणलेला, आवाज करणाऱ्या साध्या रिलेंचा यूएसबी बोर्ड मात्र पसंत पडला. त्याच्या निळ्या रिलेंवर १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी असे स्पष्ट छापलेले आहे. दर मीटरला १४.४ वॉट घेणारी पाच मीटरची पट्टी सहा अँपिअर ओढते, म्हणजे हाताशी पुरेसा वाव राहतो. वायर मात्र जाड हवी, नाहीतर टोकाचे दिवे मिणमिणतात. रिलेचा स्विच ओढणारी पाच व्होल्टची प्रत्येक कॉइल (तारेचे वेटोळे) सुमारे ७० मिलिअँपिअर घेते. चार कॉइल मिळून २८० होतात आणि यूएसबी २.० च्या ५०० मिलिअँपिअरच्या मर्यादेत बसतात. आठ चॅनलचा (म्हणजे आठ रिलेंचा) बोर्ड घेणाऱ्याने वेगळ्या पुरवठ्याची सोय आहे का, ते आधी पाहावे.

बोर्डावरील सीएच३४० चिपमुळे तो संगणकाला सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बाइट पाठवायचे दार, म्हणून दिसतो. ९६०० बॉड वेगाने ए०, ०१, ०१, ए२ असे (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले) चार बाइट पाठवले की पहिला रिले लागतो; शेवटचा बाइट आधीच्या तिघांची बेरीज असतो. विंडोजमध्ये केबल दुसऱ्या खोबणीत लावल्यास पोर्टचा क्रमांक बदलतो, आणि ऐन प्रयोगाआधी माझी याच कारणाने धांदल उडाली. दिव्याची वायर ‘कॉम’ (सामाईक टोक) आणि ‘एनओ’ (एरवी उघडे राहणारे टोक) यांच्यामध्ये जोडावी, म्हणजे केबल निघाली तर दिवे विझतात. प्रकाश हळूहळू वाढवायचा असेल, तर हा बोर्ड उपयोगाचा नाही. त्यासाठी मॉस्फेटचा (डीसी झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) बोर्डच घ्यावा.

रिलेचा ‘टक’ आवाज निवेदनात ऐकू येतो. तो डब्यात बंद करावा असे माझ्या मनात होते, पण मुलांना तो दरवाजाचा अडसर काढल्यासारखा वाटला, म्हणून बोर्ड महादरवाजाच्या मागेच ठेवला आहे.