कोचीतले साडेचार तास: क्रूझवरून घेतलेल्या सिटी टूरबद्दल, आठ महिन्यांनी

परवा मिरीची बरणी संपली तेव्हा लक्षात आलं, कोचीला जाऊन आठ महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसती चिडचिड उतरली असती. आता राग निवलाय आणि तिथून आणलेलं बरंचसं सामानही वापरून संपलंय, तेव्हा लिहिते.

मुंबई-कोची-मुंबई अशी क्रूझ होती. मी, नवरा आणि माझी आई. आई बहात्तरची, गुडघे कुरकुरणारे. म्हणून कोचीत आपलं आपण फिरण्याऐवजी बोटीवरच्या काउंटरवरूनच सिटी टूर घेतली, माणशी तीन हजारांच्या आसपास. ‘आमच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते, तुमचं तुम्ही गेलात तर थांबत नाही,’ असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं आणि नवऱ्याने निमूट कार्ड काढलं.

ज्यांना पुढे जायचंय त्यांना आधी फुकटातली गोष्ट सांगते. कोची यायच्या वेळी झोपून राहू नका, डेकवर या. बोट समुद्रातून खाडीच्या तोंडाशी शिरते तेव्हा उजव्या हाताला फोर्ट कोची, डाव्या हाताला वायपिन बेट. किनाऱ्यावर मासेमारीची चिनी जाळी ओळीने उभी, आणि आपण इतक्या उंचावर की ती कोळिष्टकांसारखी दिसतात. ही पंधरा-वीस मिनिटं अख्ख्या टूरपेक्षा सरस होती.

बोट आठला धक्क्याला लागली. मग टोकन, मग रांग, मग छातीवर बस नंबरचा स्टिकर (आईच्या पर्सवर तो अजून आहे). बस हलली ९:४० ला. परत आलो २:१० ला. म्हणजे हातात साडेचार तास. त्यातला तासाहून जास्त वेळ बसमध्ये आणि पाऊण-पाऊण तास दोन दुकानांत. टूरच्या कागदावर दुकानांना ‘स्थानिक हस्तकला व मसाले: परिचय’ असं गोंडस नाव होतं.

गाइड मात्र चांगला होता, त्याला बोल लावणार नाही. हिंदी मल्याळी वळणाची, पण माहिती पक्की. विलिंग्डन बेट, जिथे बोट लागते, ते बरंचसं भरावाचं आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने खाडीच्या तोंडाशी आडवा आलेला वाळूचा बांध कापून बंदर खोल केलं आणि उपसलेला गाळ इथे टाकला, हे त्याने तोप्पुंपडीचा पूल येईपर्यंत सांगून संपवलंसुद्धा.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वीस मिनिटं मिळाली. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. सगळे त्या रिकाम्या जागेचे फोटो काढत होते. आई बाकावर बसून वर बघत होती. छताखाली कापडी पंखे टांगलेत, लांबलचक, झालरीचे, आणि त्यांच्या दोऱ्या भिंतीपार बाहेर जातात. आई म्हणाली, ‘म्हणजे आत प्रार्थना चाललेली आणि बाहेर उन्हात कुणीतरी दोरी ओढतोय.’ गाइड हसला, म्हणाला, ‘अम्मा, बरोबर.’ बाहेर जाऊन भिंतीतली भोकं बघितली. मला आज त्या चर्चमधलं ठळक आठवतं ते एवढंच.

चिनी जाळ्यांपाशी दहा मिनिटं. दोरांना बांधलेल्या धोंड्यांच्या भाराने जाळं वर येतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. कोळी तुम्हाला ‘या, ओढा’ म्हणतात. ओढलंत की पैसे द्यायचे असतात, आधीच ठरवा. आमच्या समोर जाळ्यात मूठभर मासळी आणि टोपलीभर जलपर्णी आली.

आता मुख्य तक्रार. कागदावर ‘ज्यू टाउन व सिनेगॉग’ असं छापलेलं होतं. हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ‘परदेशी सिनेगॉग’ नावाचं, १५६८ चं, चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांचं. त्या फरशांसाठीच मी ही टूर निवडली. आम्ही पोचलो शनिवारी. शनिवार म्हणजे ज्यूंचा सब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, सिनेगॉग बंद. बोट शनिवारी लागणार हे कंपनीला महिनोन् महिने आधी माहीत असणार! विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, कागदावर आत प्रवेश असं कुठे लिहिलंय?’ खरंच नव्हतं लिहिलेलं. परतल्यावर मेल केला, तर पुढच्या क्रूझवर सवलतीचं कूपन आलं. ते कधीच बाद झालंय. तेव्हा बोट कोणत्या वारी लागते ते आधी बघा: शनिवारी सिनेगॉग बंद, शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा बंद.

राजवाडा आम्हाला मिळाला. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला, मग डचांनी डागडुजी केलेला, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. जमीन काळ्या संगमरवरासारखी चकाकते, पण ती आहे जळक्या करवंट्या, कोळसा, चुना, झाडांचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक यांची. अनवाणी उभं राहिलं की गार वाटते. इथे चांगला तास द्यायला हवा होता, दिली पंचवीस मिनिटं.

कारण मसाल्याचं दुकान वाट बघत होतं. एकेकाळी याच ज्यू टाउनमध्ये मिरीचे वायदे-सौदे आरडाओरडा करून ठरायचे. आता एसी शोरूम, ट्रेमध्ये चहा आणि ‘आठ एमएम वेलची’. आठ महिन्यांनंतरचा निकाल असा. मिरी उत्तम, शेवटच्या दाण्यापर्यंत झणझणीत. वेलची वरच्या थरात टपोरी, खाली बारकी. ‘केशर’ घेतलं ते टाकताक्षणी दूध लाल झालं, यावरून काय ते समजा. आणि कोडमपुळी, म्हणजे धुरावलेल्या काळ्याकुट्ट आमसुलासारखं प्रकरण, आईने हौसेने घेतलं. पहिल्या बांगड्याच्या कालवणात कोकमाच्या अंदाजाने चार पाकळ्या घातल्या आणि कालवण तोंडात धरवेना. आता एकच घालतो, तीही भिजवून. तिचा धुरकट वास आता आमच्या घरचाच झालाय.

दुसरं दुकान गालिचे आणि लाकडी हत्तींचं. तिथे मी गाइडला म्हटलं, ‘दादा, आम्ही पाऊण तास सुटलो तर चालेल?’ त्याने घड्याळ बघितलं, स्वतःचा नंबर दिला आणि रिक्षावाल्याला मल्याळीत काहीतरी बजावलं. नवरा बसपाशी थांबला, आई आणि मी चेरलाईला गेलो. मट्टनचेरीतला हा भाग गौड सारस्वतांचा. पोर्तुगीजांच्या जाचाने यांचे पूर्वज गोव्यातून निघाले आणि इथे राहिले. त्यांचं तिरुमल देवस्थान दुपारचं बंद झालेलं, बाहेरूनच हात जोडले.

देवळाजवळच्या एका दुकानात उडदाचे पापड होते. गल्ल्यावर एक आजी. आम्ही आपसात मराठीत बोलतोय हे ऐकून त्यांनी मान वर केली आणि कोंकणीत विचारलं, ‘जेवण जालें वे?’

आई मूळची वेंगुर्ल्याची. क्षणभर थबकली, मग सरळ मालवणीत, ‘नाय ओ अजून. बोटीर जावन जेवतलंव.’

पुढची दहा मिनिटं माझ्याशी कुणी बोललंच नाही. अर्धं एकमेकींना कळत होतं, अर्धं हातवाऱ्यांनी. मासळीचे भाव, सुना, गुडघे. हे कागदावर कुठेच नव्हतं, आणि गाइड कितीही चांगला असला तरी चाळीस माणसांना घेऊन इथे आला नसता. घरी आल्यावर वाचलं की ‘हॉर्टस मलबारिकस’ या डचांनी १६७८ पासून अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या वनस्पतींच्या ग्रंथासाठी कोचीतल्या तीन कोंकणी वैद्यांनी मदत केली होती, आणि त्यांची साक्ष ग्रंथात नागरी लिपीतल्या कोंकणीत छापली आहे. आईला ते पान स्क्रीनवर मोठं करून दाखवलं.

तर, टूर घ्यावी का? सोबत वयस्कर माणूस असेल, पहिलीच वेळ असेल आणि बोट चुकण्याची धास्ती असेल तर घ्या. बस दारापर्यंत येते, बाथरूमची सोय बघतात. दोघं-तिघं धडधाकट असाल तर नका घेऊ. बंदराबाहेर रिक्षा मिळतात, अंतरं लहान आहेत, भाव आधी ठरवा आणि बोटीच्या शेवटच्या वेळेच्या दीड तास आधी परत फिरा.

पापड पंधरा दिवसांत संपले. पिशवीवर फोन नंबर होता. आईने गेल्या महिन्यात लावला, पाच मिनिटं बोलली, आणि दहा दिवसांनी कुरिअर आलं. अर्धे पापड मोडलेले होते.