फोंड्यातला स्त्रीरोग दवाखाना: रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या डॉक्टर

जूनपासून माझ्या अंगावरून पांढरं जात होतं. पातळ, राखाडी, आणि वास मासळीसारखा. पावसाळ्यात आमच्या वाळपईला कपडे सुकत नाहीत, त्यामुळे असेल असं वाटलं. फार्मसीतून सुवासिक वॉश आणून रोज दोनदा आतून धुवायला लागले, तर वास आणखी वाढला. शाळेत मुलांच्या जवळ उभं राहायचीही लाज वाटायची.

शेवटी बस पकडून फोंड्याला गेले. डॉक्टरांनी पडदा ओढला, नर्सला जवळ थांबवलं, काय करणार ते सांगितलं आणि मगच कापसाच्या काडीने स्राव घेतला. मिनिटही लागलं नाही.

रिपोर्ट बाहेरच्या एका लॅबने रात्री मोबाइलवर पाठवला: पीएच ५.५, क्लू सेल्स प्रेझेंट, न्यूजेंट स्कोर ८. विचारायला फोन केला तर ‘डॉक्टरना दाखवा’ म्हणून ठेवून दिला. आठ म्हणजे काय, कॅन्सरबिन्सर तर नाही? रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकेक ओळ वाचून दाखवली. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आम्ल तयार करतात, म्हणून पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप (आकडा कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ३.८ ते ४.५ राहतो. ते घटले की दुसरे जंतू माजतात. हे जंतू किती बिघडलेत ते सांगणारा न्यूजेंट स्कोर ० ते १० असतो. ३ पर्यंत ठीक, ७ पासून पुढे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडण्याचं हेच दुखणं. क्लू सेल म्हणजे जंतू चिकटून कडा पुसट झालेली अस्तराची पेशी. कॅन्सरसाठीची पॅप तपासणी वेगळीच असते. यीस्ट, म्हणजे बुरशी, सापडलं नव्हतं, म्हणजे खाज येते म्हणून मी लावत होते ती घरातली जुनी क्लॉट्रिमॅझोलची, बुरशीवरच्या औषधाची ट्यूब या दुखण्याला उपयोगाचीच नव्हती. सात दिवसांच्या मेट्रोनिडॅझोलच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाच्या, गोळ्या दिल्या.

वॉशची बाटली बंद करायला सांगितली. आत काही घालायचं नाही, बाहेरून नुसतं पाणी पुरे. शौचानंतर पुढून मागे धुवायचं, ओली चड्डी अंगावर ठेवायची नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव येतो तो आजार नव्हे, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं! आईने कधी सांगितलं नाही, मीही लेकीला सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय.

आठवड्यात वास गेला. गर्दी फार असते, मला दोन तास बसावं लागलं. बसायच्या खोलीत पंखा एकच आहे. तरी बहिणीला इथेच घेऊन जाणार आहे. सकाळी लवकर जाऊन नाव लावा, आणि जुने रिपोर्ट असतील तर सोबत न्या, त्या ते खरंच वाचतात.