ट्रकसाठी स्पार्क प्लग: साधा, प्लॅटिनम की इरिडियम, आणि गॅप किती ठेवायचा

आधीच सांगतो, हे सगळं पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या ट्रक-पिकअपबद्दल आहे. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतोच, तिथे असलाच तर ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला गरम होणारा प्लग असतो आणि ते काम वेगळं. आणि माझं मत पण आधीच सांगून टाकतो: धातू कोणता हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न हा की तुमच्या इंजिनला कंपनीने मुळात कोणता प्लग दिलाय, त्याची हीट रेंज काय (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो) आणि गॅप काय (मधलं टोक आणि बाहेरची वाकडी पट्टी यांच्यातलं अंतर, जिथे ठिणगी पडते). ट्रकला माल ओढायचाय, चढ चढायचाय, आणि तिथे गॅप चुकलेला महागडा प्लग मिसिंग करेल (मध्येच ठिणगी चुकवेल), पण बरोबर गॅपचा साधा प्लग निमूट काम करेल.

आता तुलना. ज्याला सगळे कॉपर प्लग म्हणतात त्यात तांबं फक्त आतल्या गाभ्यात असतं, ठिणगी पडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं आणि चांगलं अडीच मिलिमीटर जाड. निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम 1768 ला, इरिडियम 2446 च्या आसपास, म्हणून इरिडियमचं टोक 0.4 ते 0.7 मिमी इतकं बारीक करता येतं तरी ते टिकतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, म्हणजे प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर ताण कमी. निकेलच्या जाड टोकाची धार झिजून गोल झाली की तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, वर गॅपही वाढत जातो. आयुष्य ढोबळमानाने असं धरा की साधा प्लग 30 ते 50 हजार किमी, प्लॅटिनम लाखाच्या आसपास, चांगला इरिडियम लाखाच्या पुढे.

मग सगळ्यांनी इरिडियमच घ्यावा का? नाही. जुनं इंजिन असेल, कंपनीनेच साधा प्लग दिलेला असेल आणि बॉनेट उघडल्यावर सगळे प्लग हाताला येत असतील तर साधाच घ्या, वेळेवर बदला, इंजिनाला काही फरक पडत नाही. याउलट 5.7 लिटरच्या हेमी व्ही-8 सारखं इंजिन असेल, ज्यात सिलिंडरला दोन म्हणजे एकूण 16 प्लग आहेत आणि मागचे पार फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) दडलेले, तर तिथे परत परत हात घालणं नको वाटतं आणि लांब टिकणाऱ्या प्लगचे जास्तीचे पैसे मेहनतीत वसूल होतात. पण उलटं कधीच करू नका, म्हणजे कंपनीने इरिडियम दिलाय आणि आपण पैसे वाचवायला निकेलचा टाकला असं. बदलायची मुदत त्या लांब आयुष्यावरच बेतलेली असते, साधा प्लग त्याच्या कितीतरी आधी झिजतो आणि मग भुर्दंड कॉइलला बसतो.

प्लॅटिनममध्ये एक मेख आहे ती बघा. सिंगल प्लॅटिनममध्ये फक्त मधल्या इलेक्ट्रोडला प्लॅटिनम असतं, डबलमध्ये बाहेरच्या वाकड्या पट्टीलाही. ज्या इंजिनात एक कॉइल दोन सिलिंडरला ठिणगी देते (वेस्ट स्पार्क) तिथे दोनपैकी एका प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने जाते आणि बाहेरची पट्टी झिजते, त्यामुळे तिथे डबलच पाहिजे, सिंगल घेतला तर अर्धे प्लग लवकर जातील. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर सिंगलने भागतं.

हीट रेंजवर बरेच जण घसरतात. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, म्हणून एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलायचा नाही, तक्ता बघायचा. एनजीकेचा 6 म्हणजे डेन्सोचा साधारण 20. इंजिन मूळ अवस्थेत असेल तर फक्त लोड जास्त म्हणून थंड प्लग टाकू नका, एरवीच्या हळू रनिंगमध्ये त्यावर काजळी धरते. जुना प्लग काढल्यावर टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर रेंज बरोबर आहे. पांढरंफटक आणि फोड आलेलं दिसलं तर तो तापतोय. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे (हवेच्या मानाने इंधन जास्त) किंवा प्लग जास्त थंड आहे, आणि ओला तेलकट असेल तर प्लग बदलून काही होणार नाही, आधी ऑइल कुठून येतंय ते शोधा.

आता गॅप. एनजीकेच्या बीकेआर6ई-11 मध्ये शेवटचा 11 म्हणजे 1.1 मिमी, पण ट्रकच्या मॅन्युअलमध्ये 1.0 लिहिलं असेल तर 1.0 च खरा. डब्यावर "प्रीगॅप्ड" (गॅप आधीच लावलेला) लिहिलेलं असलं तरी वाहतुकीत डबा आपटतो, म्हणून प्रत्येक प्लग मोजायचाच. गॅप जास्त असला की ट्रक आयडलला (उभ्या जागी इंजिन चालू असताना) ठीक वाटतो आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की धक्के मारतो, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप कमी असेल तर ठिणगी पडते पण छोटी, आयडल खडबडीत. टर्बोला म्हणूनच गॅप कमी लागतो, बऱ्याच इंजिनांत 0.6 ते 0.8, आणि सीएनजी-एलपीजीलाही पेट्रोलपेक्षा कमी, तो आकडा किटच्या कागदावर बघा.

मोजायला तारेचं गेज घ्या. तार गॅपमधून किंचित अडखळत सरकली पाहिजे, मोकळी गेली तर गॅप जास्त. वाढवायचा तर गेजच्या हुकने फक्त बाहेरची पट्टी उचलायची, कमी करायचा तर पट्टी लाकडावर अलगद टेकवून दाबायची. नाण्यासारखं गोल गेज साध्या प्लगला चालतं, पण इरिडियमला अजिबात नाही, कारण ते मधल्या टोकाला रेटतं आणि पेन्सिलच्या शिशाएवढं ते टोक कटकन तुटतं. इरिडियमचा गॅप फारच चुकला असेल तर वाकवत बसण्यापेक्षा प्लग बदलून घ्या. साध्या प्लगचा गॅप मर्यादेतल्या खालच्या आकड्याला ठेवा, झिजून वाढणारच आहे.

बसवताना इंजिन थंड पाहिजे, खड्ड्यातली धूळ हवेने उडवून मगच जुना काढा, नवा आधी हाताने आट्यात बसवा. 14 मिमीचा वॉशरवाला प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन-मीटर, टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. निमुळत्या सीटच्या प्लगला वॉशर नसतो, त्याला एक सोळांश फेराच पुरतो. प्लेटिंग केलेल्या प्लगवर अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचं मलम) लावू नका, एनजीकेही तेच सांगते, त्याने आटे घसरतात आणि रेंचवर आकडा बरोबर दिसूनही प्लग जास्त कसला जातो.

एवढं करून ट्रक लोडवर मिसिंग करतच असेल तर लगेच दुसरे प्लग आणू नका. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, पी0302 हा कोड आला तर मिसिंग दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे, त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून पुन्हा चालवा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेलीय, जागेवरच राहिला तर तो प्लग काढून गॅप पुन्हा मोजा आणि पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चीर आहे का ते उजेडात नीट बघा.