संखेड्याच्या खराद्याकडून करवून घेतलेली मुद्गलांची जोडी: सात महिने वापरून

मुद्गल म्हणजे व्यायामाला खांद्यावरून फिरवायचा जड लाकडी सोटा. आधी मापं, मग बाकीचं. लांबी ६८ सेंटीमीटर, त्यात मूठ १८. मुठीची जाडी ३२ मिलिमीटर, बुडाचा व्यास १६ सेंटीमीटर. एकाचं वजन ४.२ किलो, दुसऱ्याचं ४.१५. लाकूड बाभळीचं, लाख नाही, रंग नाही. जोडीचे ३,८०० रुपये, आणायचा खर्च आपला. उभं आयुष्य बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका टूलरूममध्ये लेथवर गेलं, त्यामुळे वस्तू हातात आली की मी आधी व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावतो, कौतुक मागाहून. घरात याला आजार म्हणतात.

मुद्गल घ्यायचं डोक्यात आलं ते आजोबांमुळे. आजोबा दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, प्रोफेसर माणिकरावांच्या काळात. त्यांची शिसवी जोडी आमच्या बाजवाड्यातल्या जुन्या घरी जिन्याखाली उभी असायची. आम्हा पोरांना ती दोन हातांनीही हलायची नाही, आणि आजोबा सत्तरीतसुद्धा सकाळी ती फिरवताना आमच्याकडे बघून डोळा मारायचे. पुढे घर बंद राहिलं आणि जोडीला उधई लागली. (पुण्याच्या पाहुण्यांसाठी: वाळवी. आम्ही बडोदेकर उधईच म्हणतो.) उरला तो आजोबांचा जोर काढायचा एक हत्ता. दोनांतला एकच. तोही तासून बघितला, आतून शाबूत निघाला.

निवृत्त झाल्यावर पहिली जोडी मी ऑनलाइन मागवली. २,९९९ रुपये, फोटोत झकास. 'आठ किलोची जोडी' असं लिहिलं होतं. वजनकाट्यावर एक ४.१ आणि दुसरा ३.६ भरला. बेरीज आठाच्या जवळपास येते म्हणा, पण जोडी म्हणजे बेरीज नव्हे हो! अर्धा किलोचा फरक असला की उजवा हात एक ताल धरतो, डावा दुसरा, आणि पंधराव्या फेरीला कंबर वाकडी व्हायला लागते. शिवाय मूठ ३८ मिलिमीटर, त्यावर आरशासारखं चकचकीत पॉलिश. घाम आला की साबणाची वडी. एकदा डावा निसटून गॅलरीच्या कठड्यावर आदळला. खालच्या मजल्यावरच्या बेन वर आल्या, सगळं बघून गेल्या आणि सौ.ला म्हणाल्या, 'भाईने कहो, हवे भजन करे.' (म्हणजे, आता भजन करा म्हणावं.)

मग ठरवलं, बनवूनच घ्यायची. बडोद्यातल्या कोणालाही विचारा, लाकूड फिरवायचं म्हटलं की बोट संखेड्याकडे जातं. डभोईवरून तास-सव्वा तास. तिथले खरादी, म्हणजे लाकूड लेथवर फिरवून घडवणारे कारागीर, पिढ्यान्पिढ्या सागवानाचे झोपाळे, पाळणे, खुर्च्या करतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. हे प्रत्यक्ष बघायला मिळालं तेवढ्यातच माझे पेट्रोलचे पैसे वसूल झाले. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे आणि माणूस सज्जन आहे.

त्यांनी याआधी मुद्गल केलेला नव्हता. पाळण्याचे पाय केले होते. कागदावर काढून दिलं तर म्हणाले, 'काका, आ तो मोटो पायो छे.' हो, मोठा पायाच. पण पाया जमिनीवर उभा राहतो, हा पाठीमागून लटकतो. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. मुठीला लाख लावायची नाही. मुठीच्या टोकाला गोंडा, म्हणजे हात निसटू नये म्हणून गोल फुगवटा, ठेवायचा, ४८ मिलिमीटरचा. आणि जाडी बुडाकडे वाढत न्यायची, मध्ये पोट काढायचं नाही.

हे पोटाचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण वजन विचारतात आणि तिथेच फसतात. मुद्गल हा हाताला टांगलेला लंबक आहे. खांद्यावर उभा धरायचा, कोपर वर नेत पाठीमागे सोडायचा, तो आपल्या वजनाने झोका घेतो, आणि वर येताना त्याला खांद्यावर परत बसवायचा. आपण ढकलायचं काम थोडं; खरं काम सोडण्याचं आणि झेलण्याचं. तेव्हा वजन किती यापेक्षा वजन कुठे आहे हे बघावं. ऑनलाइनवाल्याचा तोल मी बोटावर काढला, गोंड्यापासून ४० सेंटीमीटरवर आला. या बाभळीच्या जोडीचा ४९ वर. किलोला किलो जवळजवळ तेवढेच, पण पाठीमागे गेल्यावर हा खाली खेचतो आणि खांदा उघडतो. तो नुसता पाठीला घासतो.

मुठीचंही तसंच. जुन्या काळच्या पश्चिमेकडच्या पहिलवानांनी हे बरोबर ओळखलं होतं. इंग्लंडच्या थॉमस इंचचा डंबेल ७८ किलोचा. आजचे धट्टेकट्टे तेवढं वजन एका हाताने उचलतीलही, पण त्याची मूठ होती साधारण ६० मिलिमीटर जाड, आणि सगळा एकसंध ओतलेला, म्हणजे मूठ पंज्यात फिरून बोटं उलगडणार. इंच रंगमंचावर आव्हान द्यायचा आणि आलेले लोक हात चोळत परत जायचे. फ्रान्सच्या अपोलोनची रेल्वेची चाकं १६६ किलोची. तिथेही दांडा ४९ मिलिमीटर आणि चाकं दांड्यावर फिरत नसत. आज स्पर्धेतला बार २८ मिलिमीटरचा असतो, त्याच्या टोकाच्या बाह्या फिरतात. फ्रान्सच्याच चार्ल्स रिगुलोने १९३० मध्ये ती चाकं डोक्यावर नेली त्याचं एवढं कौतुक झालं ते म्हणूनच. यांच्या करामतीत निम्मी हुशारी ओतणाऱ्याची आणि खराद्याची असायची, असं माझं पक्कं मत आहे. टर्नर माणूस दुसरं काय म्हणणार!

पण आपल्याला आव्हान द्यायचं नाही, व्यायाम करायचा आहे. म्हणून ३२. माझ्या पंज्याला अंगठा आणि मधलं बोट जेमतेम भेटतात, तेवढं पुरे. तुमचा हात लहान असेल तर २९-३० सांगा. खराद्याला 'नेहमीसारखी' म्हणून सांगू नका, त्याची नेहमीची म्हणजे पाळण्याची.

आता काम कसं झालं ते. मूठ: शंभरापैकी शंभर. दोन्ही मुठींत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, आणि त्याच्याकडे व्हर्नियर नव्हता, बाहेरून धरायचा कंपास आणि डोळा. अंगावरचे खरादाचे बारीक पट्टे पुसून काढू नका म्हणून मीच सांगितलं होतं, घामातही पकड राहते. गोंड्याखालची कड मात्र धारदार राहिली होती. पहिल्या आठवड्यात दोन्ही करंगळ्या सोलल्या. काचपेपरने दहा मिनिटांत गोलाई दिली, विषय संपला. वजनात ५० ग्रॅमचा फरक आहे, तो मला अजून कळलेला नाही, काट्याला कळतो.

तक्रार बुडाची. एप्रिल लागला, बडोद्याचं ऊन सुरू झालं, आणि एका सकाळी डाव्या मुद्गलाच्या बुडावर मध्यापासून कडेपर्यंत चीर. दुसऱ्या दिवशी तिच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी. कारण उघड होतं. लाकूड सबंध ओंडक्यातून काढलेलं, गाभा बरोबर मधोमध. वाळताना लाकूड वर्तुळाच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याकडे कमी, मग ते कुठेतरी फाटणारच. सागाला हे कमी होतं आणि त्यांचा हात सागावर बसलेला. बाभूळ पुरती वाळली नव्हती, हे त्यांना कळायला हवं होतं. मलाही, खरं तर.

फोन केला. आढेवेढे घेतले नाहीत. दुसरा करून देतो म्हणाले, पण गाभा टाळून १६ सेंटीमीटरचा गोल काढायचा तर ओंडका निदान हातभर जाडीचा लागतो, आणि तेवढी बाभूळ आता मिळत नाही. बरोबर बोलले. पाचशे रुपये परत देऊ केले, मी घेतले नाहीत. मग मी माझं डोकं लावलं. जुन्या ओळखीच्या वर्कशॉपात दोन लोखंडी कडी केली, २० मिलिमीटर रुंद, ४ जाड, आतून लाकडापेक्षा किंचित लहान. तापवली, बुडावर चढवली, पाणी मारलं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसंच. चीर मिटली नाही, पण मे-जूनमध्ये तसूभर पुढे गेली नाही, आणि आता पावसाळ्यात तर बंदच झालीये.

गंमत पुढे आहे. कडं भरलं साधारण ३१५ ग्रॅम. म्हणजे वजन साडेसात टक्के वाढलं. पण ते अगदी टोकाला, मुठीपासून सगळ्यात लांब. म्हणून मनगटावरचा भार दहा टक्क्यांनी वाढला. पहिल्या दिवशी पंचवीसच्या जागी अठरा फेऱ्यांत हात लटपटला. चीर एकाच मुद्गलाला होती तरी कडी दोघांना लागली ती याचसाठी. बनारसकडे जोडीला बाहेरून खिळे ठोकायची पद्धत आहे, चुकलात तर पाठीत रुतेल अशी. मी आपला कड्यावर समाधानी आहे.

कड्यांची बातमी नातवाला सांगितली तर त्याने विचारलं, 'आबा, मग गामा पहिलवानाचा दगड खरा की खोटा?' त्याला सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये नेऊन तो दगड मीच दाखवला होता. १२०० किलो, २३ डिसेंबर १९०२ ला गामाने उचलला अशी नोंद. आजोबा गामाचं नाव कान पकडून घ्यायचे. १९१० मध्ये लंडनला अडीच तास गादीला चिकटून राहिलेला पोलंडचा पहिलवान झिबिस्को १९२८ मध्ये पतियाळाला मिनिटभरही टिकला नाही, ही गोष्ट आम्ही अंगाईसारखी ऐकली. तर आम्ही आजोबा-नातवाने हिशेब केला. दगडाची घनता पाण्याच्या २.७ पट धरली तर १२०० किलोला साधारण ०.४४ घनमीटर लागतात, म्हणजे सगळ्या बाजू अडीच फूट. दगड अडीच फूट उंच आहे असंच सांगतात. म्हणजे आकड्यात थाप नाही.

'उचलला' या शब्दाचं काय, ते वेगळं. हातांनी जमिनीवरून बार उचलायचा तर २०२० मध्ये आइसलँडचा ब्यॉर्नसन ५०१ किलोपर्यंत गेला आणि जग थक्क झालं. उलट कॅनडाच्या लुई सीरने १८९५ मध्ये बॉस्टनला पाठीवर फळी घेऊन, तिच्यावर अठरा जाडजूड माणसं उभी करून, १,९६७ किलो उचलल्याची नोंद आहे. पाठ आणि पाय एका रेषेत, सरकायचं बोटभरच. तेव्हा गामाने तो दगड छातीशी कवटाळून फिरवला असं कोणी सांगितलं तर मी मान डोलावून चहा पिईन. एक कड जमिनीवरून सुटली असं म्हणाल तर मानतो, आणि तेवढ्यानेही माझी टोपी उतरते. नातू म्हणाला, 'म्हणजे दगड कुठे धरला ते लिहायला हवं होतं.' पोरगं तयार होतंय.

ही जोडी कोणी घ्यावी? ज्याने आयुष्यात मुद्गल धरला नाही त्याने चार किलोवर जाऊ नये, दोन-अडीच किलोची करवून घ्यावी. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये हलके क्लब फिरवायची स्पर्धा होती, ती आपल्याच मुद्गलांची इंग्रज शिपायांनी उचलून नेलेली लेकरं. सुरुवातीला तसलं हलकं वाईट नाही, पण त्यात खेळ फार आणि झोका कमी. माझा उजवा खांदा, जो दोन वर्षं कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जात नव्हता, तो आता जातो. हे मुद्गलांमुळे की निवृत्तीमुळे, देव जाणे. तुमचा खांदा दुखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. जागा मात्र लागते: छतापर्यंत साडेआठ फूट आणि चारी बाजूंना हात पसरून त्यापुढे आणखी दोन फूट. पंखा बंद ठेवा. मी एकदा विसरलो.

ऑनलाइनवाली जोडी सौ.ने गॅलरीत गव्हाच्या कुरडया वाळत घालताना प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवायला घेतली आहे. त्या कामाला ती उत्तम आहे, वारा सुटला तरी हलत नाही.

गेल्या आठवड्यात खराद्यांचा फोन आला होता. नडियादहून कोणी आणखी एक जोडी मागतंय, तर कड्याचं माप पाठवा म्हणाले. पाठवलं, आणि माझ्यासाठी सात किलोचा एक करेल (मोठा, जड मुद्गल) सांगून ठेवला. ओंडका आत्ताच कापून सावलीत टाका, दोन्ही टोकांना मेण लावा, आणि दिवाळीनंतरच्या दिवाळीपर्यंत हात लावू नका, असं बजावलं. ते हसले आणि म्हणाले, 'काका, त्यां सुधी तमे उपाडशो?' (तोपर्यंत तुम्ही उचलाल?) बयाणा पाचशे पाठवून दिला आहे.